समुपदेशकाचं काम कोणी ऐकायचं?

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात एक वाद सध्या पुन्हा पुन्हा वर येतो, आणि दोन्ही बाजू तो भलत्याच टोकाला धरून ओढतात. पुण्या-मुंबईकडचे व्यावसायिक म्हणतात, ज्याच्या कामावर प्रशिक्षित सुपरव्हायझरची नजर नाही त्याने समुपदेशनाला बसूच नये. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीत काम करणारे त्यावर म्हणतात, ‘अहो, इथं समुपदेशकच मिळत नाही, आन् तुम्ही त्याच्या सुपरव्हायझरचं काय घेऊन बसलात?’ पहिल्यांचं ऐकलं तर खेड्यापाड्यातली आहे ती सेवाही उद्या बंद करावी लागेल. दुसऱ्यांचं ऐकलं तर ती चालू राहील, पण बंद दाराआड नेमकं काय चाललंय याचा कुणाला पत्ता लागणार नाही. भांडण कडाक्याचं असलं तरी सुपरव्हिजनचं चित्र मात्र दोघांच्या डोक्यात एकच आहे: वर एक मोठा डॉक्टर, समोर फाइल घेऊन उभा असलेला कनिष्ठ. एकाला तो डॉक्टर हवाच आहे, दुसऱ्याला तो मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

माझं म्हणणं असं. आपल्या कामाचा खराखुरा नमुना दुसऱ्या जाणत्या माणसापुढे नियमितपणे ठेवणं ही खेड्यातल्या समुपदेशकाची गरज शहरातल्यापेक्षा मोठी आहे. हे काम त्याच्या पगारावर सही करणाऱ्या साहेबाकडे असू नये. आणि तज्ज्ञ कमी आहेत ही सबब इथं टिकत नाही, कारण या कामाचा मोठा भाग सोबतचे समुपदेशकच करू शकतात. विदर्भात तर काही ठिकाणी तेवढेच करू शकतात.

आधी काम कोण करतंय ते पाहू. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना समुपदेशन देणारा प्रेरणा प्रकल्प आणला. ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही तपासणी केंद्राचे समुपदेशक असतात, किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते असतात. यातले बरेचसे एमएसडब्ल्यू किंवा सायकॉलॉजीत एमए झालेले, कंत्राटी, आणि आपापल्या जागी एकटे. शहरातल्या थेरपिस्टला केस अडली तर जुन्या वर्गमैत्रिणीला फोन लावता येतो, एखाद्या अभ्यासगटात जाता येतं. झरी जामणीतल्या किंवा एटापल्लीतल्या समुपदेशकाला समोरच्या खुर्चीत वैद्यकीय अधिकारी असतात, आणि त्यांच्यापुढे ओपीडीची रांग असते. सकाळी ज्या बाईने ‘आता जगावंसं वाटत नाही’ म्हटलं, तिला आपण बरोबर प्रश्न विचारले की नाही, हे संध्याकाळी विचारायला तिथं कुणी नाही. चुकण्याची शक्यता जिथं जास्त आणि चूक लक्षात आणून देणारं कुणीच नाही, तिथंच सुपरव्हिजनला चैन म्हणायचं?

‘आमच्याकडे सुपरव्हिजन आहे की,’ असं कुणी अधिकारी म्हणेल. म्हणजे काय असतं? महिन्याची आढावा बैठक. किती जणांचं समुपदेशन केलं, किती गावभेटी झाल्या, किती जणांना पुढे पाठवलं, रजिस्टर अद्ययावत आहे का. हा हिशेब लागतो, सार्वजनिक पैशाचं काम आहे. पण ज्या बैठकीत उद्दिष्टापेक्षा आकडा कमी पडला म्हणून बोलणी खावी लागतात आणि ज्या माणसाच्या शेऱ्यावर पुढच्या वर्षीचं कंत्राट ठरतं, त्याच माणसासमोर ‘सर, मला त्या माणसाची भीती वाटली, म्हणून मी विषय बदलला’ असं कोण म्हणेल? तिथं फक्त यशोगाथा सांगितल्या जातात. दोष त्या अधिकाऱ्याचा नाही. एकाच खुर्चीत दोन कामं बसवली की दुसरं पहिल्याखाली दबतं.

हा पेच आजचा नाही. मॅक्स आयटिंगन यांच्या पुढाकाराने १९२० साली बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाचा दवाखाना सुरू झाला आणि शिकाऊ विश्लेषकाच्या केसवर दुसऱ्या अनुभवी विश्लेषकाने नजर ठेवायची पद्धत तिथं रुळली. बुडापेस्टच्या मंडळींचा मार्ग वेगळा होता. ज्या विश्लेषकाकडे शिकाऊ उमेदवाराचं स्वतःचं विश्लेषण (ते प्रशिक्षणाचाच भाग असे) चालू आहे, त्यानेच पहिली केसही पाहावी, म्हणजे रुग्णाबद्दल उमेदवाराच्या मनात काय उठतंय ते आतून दिसेल, असं त्यांचं म्हणणं. युक्तिवाद तगडा होता. तरी बर्लिनचीच पद्धत जगभर जास्त पसरली, आणि मला ते योग्य वाटतं. एकाच माणसाच्या हातात आपलं मनही, आपली परीक्षाही आणि आपलं काम बघणंही असेल तर माणूस जपून बोलायला लागतो. व्हिएन्ना-बुडापेस्टच्या सुशिक्षित डॉक्टरांची ही गत, तर अकरा महिन्यांच्या कंत्राटावरच्या आमच्या समुपदेशकाकडून कोणत्या मोकळेपणाची अपेक्षा धरायची?

आता विरोधकांचा सर्वांत जड मुद्दा. सुपरव्हिजनमुळे समुपदेशकाला बरं वाटतं, त्याचा आत्मविश्वास वाढतो, हे मान्य. पण त्यामुळे समोरचा माणूस लवकर बरा होतो याला पुरावा काय? खरं सांगायचं तर पुरावा तोकडा आहे. या विषयावरचं बरंचसं संशोधन समुपदेशकांच्या समाधानाभोवती फिरतं. रुग्णावर झालेला परिणाम थेट मोजणारे अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जे लोक सुपरव्हिजनला धर्मकृत्यासारखं मिरवतात त्यांनी हे मान्य करायला हवं, आणि ते सहसा करत नाहीत.

पण मग दुसरा पर्याय काय? ‘काम करता करता माणूस शिकतोच’ हा? त्याचा पुरावा तर आणखी कच्चा आहे. अमेरिकेत १७० थेरपिस्टांचं काम अनेक वर्षं मोजलं गेलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अनुभव वाढत गेला तसे परिणाम सुधारण्याऐवजी सरासरीने किंचित घसरलेलेच दिसले. घसरण छोटी होती, पण नुसत्या वर्षांनी हात साफ होतो या समजाला तेवढी पुरेशी आहे. दुसऱ्या एका पाहणीत थेरपिस्टांना स्वतःच्या कौशल्याला गुण द्यायला सांगितले, तर स्वतःला सरासरीच्या खाली ठेवणारा एकही निघाला नाही. सगळेच सरासरीच्या वर! शेतकऱ्याला निदान पीक हाती आलं की आपला अंदाज चुकला हे कळतं. समुपदेशकाकडे जो माणूस पुन्हा आला नाही, तो बरा झाला म्हणून आला नाही की वैतागून आला नाही, हे त्याला कळायचा मार्गच नसतो.

याच ठिकाणी विदर्भातला एक जुना धडा आठवावा लागतो, आणि तो आपण अर्धाच घेतला आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांमधल्या या प्रयोगात नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला. हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभर गेलं. सर्वांना आठवतं ते काय? गावातली बाई, तिची बॅग, तिचं इंजेक्शन. विसरलं जातं ते हे, की दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर प्रत्येक गावात जात होता. उपचार करायला नव्हे. तिच्या नोंदी तपासायला, चुकलं असेल ते दुरुस्त करायला, शिकवायला. पुढे हीच कल्पना आशांच्या गृहभेटींच्या रूपाने देशाने उचलली. प्रशिक्षण आलं, किट आलं, भेटींचं वेळापत्रक आलं. पंधरवड्याला शेजारी बसून काम पाहणाऱ्या माणसाचं काय झालं? साधारण २० आशांमागे एक गटप्रवर्तक आली, आणि तिचा बराच वेळ फॉर्म गोळा करण्यात जाऊ लागला. आता कुणी म्हणेल, मृत्यूदर कमी झाला तो त्या पंधरवड्याच्या भेटीमुळेच, हे कशावरून? नाही सांगता येत. पण पाच गोष्टींच्या एकत्र परिणामाने जे साधलं, त्यातली सर्वांत गैरसोयीची गोष्ट गाळून उरलेल्या चारांना तेच फळ येईल असं धरून चालणं, याला पुरावा आहे का? पुरावा द्यायचा भार गाळणाऱ्यावर आहे, ठेवणाऱ्यावर नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमधलं ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं उदाहरण तर थेट आपल्या विषयातलं. गावपातळीवरचे कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक आणि गरजेला मनोविकारतज्ज्ञ, अशी साखळी तिथं उभी केली होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत मिळणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, आधीची आणि नंतरची पाहणी एवढंच होतं, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमाला देताना हात आखडता घ्यावा. तरी इतकं नक्की, की दुष्काळ, कर्ज आणि बोंडअळीच्या या पट्ट्यात तज्ज्ञ नसलेली माणसं हे काम करू शकतात, आणि ती साखळीत असतात तेव्हा करू शकतात.

‘तज्ज्ञच नाहीत’ या अडचणीकडे वळू. ती खोटी नाही. आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट विदर्भात असतील ते बहुतेक नागपूर, अमरावती, सेवाग्राम-सावंगी या पट्ट्यात. त्यांनी अकराही जिल्ह्यांतल्या प्रत्येक समुपदेशकाबरोबर आठवड्याला तासभर बसायचं म्हटलं तर त्यांना दुसरं काही करायला नको. पण एकास-एक हाच सुपरव्हिजनचा एकमेव प्रकार कधीच नव्हता. मनोविश्लेषक मायकेल बॅलिंट मूळचे बुडापेस्टचेच. १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट बसवले. डॉक्टर आपापली अडलेली केस मांडायचे आणि बाकीचे, ‘तुला त्या माणसाचा राग का आला?’ इथपर्यंत जायचे. त्या डॉक्टरांना मानसोपचारतज्ज्ञ करायचं नव्हतं, ते करत होते तेच काम त्यांना डोळे उघडे ठेवून करता यावं एवढंच होतं. बॅलिंट गट पुढे अनेक देशांत पसरले. आणि इतक्या लांब तरी कशाला जा? गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या नैराश्यावरच्या प्रयोगात समुपदेशक हे त्या विषयाची पदवी नसलेले साधे लोक होते. त्यांच्या सत्रांचं रेकॉर्डिंग गटात ऐकलं जायचं आणि सोबतीच ठरलेल्या मोजपट्टीवर त्याला गुण द्यायचे. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत बसले, मग हळूहळू मागे सरले. सोबत्यांचे गुण आणि तज्ज्ञांचे गुण बऱ्यापैकी जुळले.

विदर्भासाठी या पद्धतीच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत वजनदार वाटतं. धारणी-चिखलदऱ्यातलं सत्र कोरकूत होतं, भामरागडचं माडियात. नागपूरच्या तज्ज्ञाला ते रेकॉर्डिंग दिलं तर तो काय ऐकणार? कोरकू येणारा दुसरा समुपदेशक किंवा कार्यकर्ताच ते ऐकू शकतो. तेव्हा तिथं सोबत्यांचा गट हा दुय्यम पर्याय उरत नाही, तोच पहिला ठरतो.

रेकॉर्डिंगवर मी एवढा भर का देतो? कारण आठवणीतून सांगितलेल्या केसमध्ये जे निसटलं ते निसटलेलंच राहतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या सुमारास तबकड्यांवर सत्रं ध्वनिमुद्रित करून शिकवायला सुरुवात केली, तेव्हाच त्यांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना कळलं की आपण करतो असं वाटतं ते आणि आपण खरंच करतो ते, यांत केवढं अंतर असतं. समजा, एक समुपदेशक आत्महत्या झालेल्या शेतकऱ्याच्या घरी गेली आहे. बायको म्हणते, ‘आता कोनासाठी करा जी सारं?’ समुपदेशक म्हणते, ‘ताई, असं नका बोलू, लेकरांकडं पाहा,’ आणि लगेच विचारते, सातबारा आहे का, बँकेची नोटीस आली होती का, तलाठ्याचा पंचनामा झाला का. तिचा हेतू शंभर टक्के चांगला आहे. एक लाखाची सरकारी मदत केस ‘पात्र’ ठरण्यावर अवलंबून, कागद अपुरे राहिले तर हे घर आणखी खोलात जाणार. महिन्याच्या बैठकीत ती सांगेल, ‘कुटुंबाला मानसिक आधार दिला, कागदपत्रांबाबत मार्गदर्शन केलं.’ यातलं एक अक्षर खोटं नाही. पण रेकॉर्डिंग लावलं तर गटातली दुसरी बाई टेप थांबवून म्हणेल, ‘थांब, ती काय म्हणाली? कोनासाठी करा? तू तिला विचारलंस का, म्हणजे मरायचा विचार येतो का म्हणून?’ नव्हतं विचारलं. कागदांची घाई होती हे एक कारण. त्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं असतं तर पुढे काय करायचं याची धास्ती, हे दुसरं, न सांगितलेलं. पहिलं बैठकीत कळतं. दुसरं फक्त अशा गटात, आणि तेही गटात साहेब नसले तर. हा प्रश्न सरळ विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही, हे पुस्तकात वाचून सगळ्यांना माहीत असतं. तोंडातून प्रश्न निघण्यासाठी कुणीतरी बाजूला बसून सराव करून घ्यावा लागतो.

गोपनीयतेचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला शहरी उत्तरं चालत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे. आणि आमच्याकडे नाव गाळून उपयोग काय? ‘तीन एकरवाला, थोरली पोरगी नर्सिंगला, भाऊ सरपंच’ एवढं म्हटलं की अख्ख्या पंचक्रोशीला माणूस कळतो. गटातल्या एखादीचा तो आतेभाऊ निघायचा. म्हणून गट एका तालुक्याचा नसावा. वणी, मारेगाव, झरी, पांढरकवडा असा चार ठिकाणांहून यावा, आणि ओळख पटली की त्या सदस्याने उठून बाहेर जावं हा नियम पहिल्या दिवशी ठरावा. रेकॉर्डिंग ऐकून झालं की पुसावं. संमती घेताना कागदावर अंगठा घेतला की झालं, ही सवय सोडावी. ‘माझं काम नीट होतंय का हे माझे सोबती ऐकतील, तुमची इच्छा नसेल तर नाही करत, तरी तुमच्याशी बोलणं असंच चालू राहील,’ हे तोंडी, त्यांच्या बोलीत सांगावं. काही जण नाही म्हणतील. मग त्यांचं नाही करायचं. एवढं करूनही धोका शून्य होत नाही, हे मी नाकारत नाही. पण आज काय होतं? अडलेली केस समुपदेशक मनात ठेवू शकत नाही म्हणून ती चहाच्या टपरीवर, एसटीत, सहकाऱ्याला सांगितलीच जाते, कुठल्याही नियमाशिवाय.

बाहेरून येणाऱ्या सुपरव्हायझरबद्दल इथल्या लोकांची जी कुरकुर आहे, तीही निम्मी तरी खरी आहे. शहरातून व्हिडिओवर बोलणारे सांगतात, क्लायंटच्या घरी चहा घेऊ नका, सीमारेषा पाळा. गावातल्या दलित वस्तीत किंवा पारध्यांच्या बेड्यावर पुढे आलेला कप नाकारणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायचं? तिथं न घेतलेला चहा शंभर वर्षांचा इतिहास बोलतो. मेळघाटात आजारी माणूस आधी भुमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे जातो. त्याची टिंगल करणारा सुपरव्हायझर समुपदेशकाला गावातून उठवूनच टाकेल. पण या कुरकुरीतून ‘म्हणून बाहेरचे नकोतच’ हा निष्कर्ष निघत नाही. आपसातल्याच गटाला एक खोड असते: सगळे मिळून सगळ्यांना सांभाळून घेतात. एकाच जातीची, एकाच पक्षाची, एकाच कॉलेजची माणसं असली तर आणखीच. सर्वांना जे दिसेनासं झालंय ते बोलायला महिन्यातून एकदा परका माणूस हवा. फक्त त्याने शिकवण्याइतकंच शिकायला यावं, आणि वर्षातून एकदा तरी एसटीने यावं.

थकव्याचं काय, असं कुणी विचारेल. रोज मरणाच्या गोष्टी ऐकणाऱ्या माणसाला त्या कुठेतरी ठेवून द्यायला जागा लागते, हे सांगायला संशोधन कशाला? गट ती जागा आपोआप देतो. पण गटाने पगार वाढत नाही आणि नोकरी कायम होत नाही. कंत्राटी समुपदेशकाच्या अडचणींवर ‘स्वतःची काळजी घ्या’ असं व्याख्यान देऊन मोकळं होणाऱ्यांच्या हाती सुपरव्हिजनचं हत्यार देऊ नये.

राहिला सक्तीचा प्रश्न. ब्रिटनमध्ये बीएसीपी ही समुपदेशकांची संस्था आपल्या मान्यताप्राप्त समुपदेशकांना महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यायला लावते, कितीही ज्येष्ठ असले तरी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी परवाना मिळेपर्यंत ठरावीक तास भरायचे आणि मग ज्याची त्याची मर्जी. मला ब्रिटनची रीत पटते. आपल्याकडे आरसीआयच्या नोंदणीला प्रशिक्षणाचे गुण लागतात, २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने समुपदेशकांनाही आपल्या कक्षेत घेतलं आहे. पण नोकरीला लागल्यावर आयुष्यभर कुणाजवळ तरी बसून काम दाखवत राहावं, हा आग्रह कुठेच नाही. तरीही आजच्या आज सक्ती मागणाऱ्यांना माझा विरोध आहे. व्यवस्था उभी करण्याआधी सक्ती आणली की कागदावर सह्या होतात. हजेरीपत्रकं भरायची आपली ताकद अफाट आहे.

आधी उभं करावं ते अगदी थोडं. चार-पाच समुपदेशकांचा गट, पंधरवड्यातून अर्धा दिवस, एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या खोलीत. दर वेळी एकाच्या रेकॉर्डिंगचा वीस मिनिटांचा तुकडा. महिन्यातून एकदा सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरहून कुणीतरी, नेटवर्क असेल तिथं व्हिडिओवर, नसेल तिथं प्रत्यक्ष. जिवावरचा प्रसंग पंधरवड्यापर्यंत थांबत नाही, म्हणून त्यासाठी जिल्ह्यातल्या मनोविकारतज्ज्ञाचा नंबर वेगळा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ रुग्णासाठी आहेच. समुपदेशकाने अडल्यावर कुणाला फोन लावायचा, हेही तितकंच स्पष्ट लिहिलेलं हवं. याला नवी इमारत लागत नाही, नवं पद लागत नाही. पीआयपीत, म्हणजे आरोग्य कार्यक्रमाच्या वार्षिक आराखड्यात, प्रवासभत्त्याचा एक लेखाशीर्ष लागतो आणि जिल्हा कार्यक्रम अधिकाऱ्याचं एक पत्र लागतं, की हा अर्धा दिवस कर्तव्यावर धरला जाईल आणि त्या दिवशीचा समुपदेशनाचा आकडा कुणी विचारणार नाही. पत्रातला हा दुसरा भाग मिळवायला सर्वांत जास्त वेळ लागेल, असा माझा अंदाज आहे. पुण्या-मुंबईच्या ज्या संघटना सक्तीचा ठराव करताहेत, त्यांनी आपलं वजन आधी त्या पत्रामागे लावावं.